जांभळाची भेळ आता बंद

पोळ्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या शिफ्टला, चहाची सुट्टी संपून लोक पुन्हा कामाला लागले त्या वेळी, कुरकुंभच्या एका रसायन कंपनीत माझ्यावर अन्याय झाला. मी रोहिणी. गाव निमोणे, तालुका शिरूर. कामासाठी आईसोबत दौंडला खोली घेऊन राहते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून ‘आपल्याकडं असलं नाही’ म्हणायची सोय कुणालाच नको.

अन्याय असा: ड्रम भरताना पाइपाची क्लिप सुटली. तेल माझ्या बाहीवर, पोटावर, मांडीवर सांडलं. सुपरवायझर साहेब म्हणाले, “एवढा ड्रम पूर्ण कर, मग जा झाडाखाली.” मी ड्रम पूर्ण केला. मग झाडाखाली गेले. त्याच ओल्या कपड्यांत.

तेल म्हणजे भजी तळायचं तेल नव्हे. आमच्या फिलिंग खात्यात त्याला तेलच म्हणतात, ड्रमवर लिहिलेलं असतं अ‍ॅनिलिन. पिवळसर, उग्र वासाचं. ते प्यावं लागत नाही. कातडीवर पडलं की आत जातं.

मी आज ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते. वाचणारा कुणी आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसला असेल तर त्याला शेवटपर्यंत टांगून ठेवायचं नाही. मी जगले, आणि आम्ही जिंकलोही. कसं, ते ऐका.

झाडाखाली

आमच्या गेटजवळ एक कडुनिंब आहे. फिलिंगमध्ये काम करणाऱ्याचे ओठ अधूनमधून निळे-जांभळे पडतात, डोकं जड होतं. मग त्याला झाडाखाली बसवायचं, गुळाचा खडा आणि ग्लासभर दूध द्यायचं, आणि ओठ पुन्हा नीट झाले की कामावर घ्यायचं. याला कुणी आजार म्हणत नव्हतं. याला ‘जांभूळ पिकलं’ म्हणत.

आणि ज्याचं पहिलं जांभूळ पिकेल त्यानं सगळ्या खात्याला भेळ द्यायची.

होय, भेळ. माझं पहिलं जांभूळ उन्हाळ्यात पिकलं. रशीदभाईंनी सगळ्यांत आधी पाहिलं. रशीदभाई म्हणजे खात्यातले सगळ्यांत जुने ऑपरेटर, दाढी पांढरी होईपर्यंत याच ड्रमांत उभे राहिलेले. ते लांबूनच ओरडले, “अरे, रोहिणीबाईचं जांभूळ पिकलं! चला, भेळ निघाली!”

“लिपस्टिक हाय ती, चाचा,” कुणीतरी म्हणालं.

“कंपनीची लिपस्टिक हाय. फुकट. धुऊन जात न्हाई.”

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी भेळ घेऊन गेले आणि पहिली मूठ रशीदभाईंना दिली. पॅकिंगच्या लोकांना दूध मिळत नाही, आम्हाला मिळतं, याचा आम्हाला तोरा होता. पाबळला शिकत असताना मी मुलींसाठी एसटीचा थांबा मागणारी पत्रकं लिहिली, वाटली, तहसीलदारांच्या दारात वाचून दाखवली. तीच मी, माझ्या ओठांना विष चढलं म्हणून भेळ वाटत होते! रीत एकदा रीत झाली की तिच्याकडं डोळे उघडून कुणी बघत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र झाडाखाली बसले आणि डोक्यात घण पडायला लागले. पाय कापसाचे झाले. साहेब येऊन उभे राहिले.

“दम लागतोय का?”

“नाही.”

“मग काय झालं? रक्त कमी असेल. तुम्हा बायकांना असतंच. उपासबिपास केला होता का?”

आमच्याकडं बाईला चक्कर आली की रक्त कमी, पाय दुखले की रक्त कमी, उलट बोलली तरी रक्त कमीच. तपासायची गरज कुणाला वाटत नाही. मी गूळ तोंडात धरून बसले. तोंडात गूळ, अंगावर विष.

रशीदभाई दूध घेऊन आले, तसेच थबकले. “बेटा, नखं दाखव.” मी हात पुढं केला. त्यांनी दुधाचा ग्लास मातीत ओतून दिला.

“साहेब, गाडी काढा. हे जांभूळ न्हाई. पोरगी काळी पडायली.”

“अहो, जरा बसू द्या तिला. बसली की होते नीट.”

“गाडी काढा म्हंतो ना! न्हाईतर मी खांद्यावर टाकून रोडला जाऊन उभा ऱ्हातो. मग बघू कोण कोण थांबतंय आन् काय काय इचारतंय.”

गाडी निघाली.

काकवी

दौंडच्या दवाखान्यात पोचल्यावर बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. पंच्याऐंशी. तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. पंच्याऐंशी. नळी मोठी उघडली. पंच्याऐंशीच. सिस्टरनी चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला, तर तिथं नव्याण्णव. पुन्हा माझ्या बोटाला लावला, आकडा हटायला तयार नाही.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. साहेब त्यांना दारातूनच सांगत होते, “रक्त कमी आहे हो मॅडम. एक सलाईन लावा, होईल बरी.”

मॅडमनी रक्त काढायला सुई घातली. सिरिंजमध्ये जे आलं ते बघून सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई!”

काकवी. दौंडकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, गुऱ्हाळावर कढईतून निघते ती. तपकिरी, काळपट, दाट. माझ्या दंडातून काकवी निघत होती, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. माझ्या सगळ्या आजारपणातला सगळ्यांत भीतीचा क्षण हाच. दुखणं सहन होतं. आपलं रक्त आपल्याला ओळखू येत नाही, हे सहन होत नाही.

तेवढ्यात आई धापा टाकत आली. निरोप मिळताच खोलीवरून पळतच आली होती. मला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि मॅडमना म्हणाली, “हिला जांभूळ झालंय, मॅडम.”

“काय झालंय?”

“जांभूळ. ओठ निळं पडत्यात बघा. तिच्या कंपनीत ज्याला त्याला हुतंय.”

मॅडमचा हात जागच्या जागी थांबला. “ज्याला त्याला होतं?”

“व्हय. मग गूळ देत्यात.”

मॅडम माझ्यावर वाकल्या. “रोहिणी, झोपू नकोस. अंगावर काय सांडलं?”

“तेल.”

“कसलं तेल? नाव सांग.”

साहेब मध्येच म्हणाले, “ते कंपनीचं आतलं असतं, मला वरती विचारावं लागेल…”

“अ‍ॅनिलिन,” मी मास्कच्या आतून म्हणाले.

मग मॅडमनी एक साधी गोष्ट केली. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर माझ्या रक्ताचा थेंब टाकला. शेजारी आईच्या बोटाला टोचून तिच्या रक्ताचा थेंब टाकला. पट्टी हवेत थोडी हलवली. आईचा थेंब लालभडक झाला. माझा काकवीचा काकवीच राहिला.

पट्टी त्यांनी साहेबांच्या पुढं धरली. “रक्त कमी नाही हिचं. रक्त भरपूर आहे. त्याला कामच करू दिलेलं नाही.” आणि मग त्यांचं लक्ष माझ्या बाहीकडं गेलं. आवाज चढला. “आणि अजून तेच कपडे हिच्या अंगावर? अहो, विष अजून आत जातंय!”

सिस्टर आणि आईनं मिळून मला धुतलं. साबण, कोमट पाणी, नखांच्या आत, केसांच्या मुळांशी, बेंबीत. आई मला न्हाऊ घालत होती तशी मी लहान असतानाही घालत असेल. शेवटी कानाशी लागून म्हणाली, “कुणाला सांगू नगंस. रक्तात खोट हाय म्हणतील. उद्या तुला स्थळ यायचं न्हाई.”

मला तिचा राग आला. मग कीव आली. काकवी बघून तिला पहिली भीती माझ्या जिवाची वाटली आणि दुसरी लोकांची. दुसरी भीती तिची नव्हती, तिला ती शिकवली गेली होती.

रिकामे कॅन

औषध होतं, पण दौंडला नव्हतं. मॅडमनी फोनावर फोन केले. त्या इंजेक्शनाचा पत्ता हडपसरच्या एका मोठ्या दवाखान्यात लागला. मला तिकडं हलवायचं म्हणजे आधी अ‍ॅम्ब्युलन्स मिळायला हवी, मग रस्ता. आईला अचानक आठवलं, “दत्ता तिकडंच असंल की!”

दत्तामामा माझे सख्खे मामा. दौंडहून पुण्याला दुधाचा टेम्पो नेतात. दूध उतरवून, रिकामे कॅन घेऊन ते हडपसरमधून निघतच होते; इंजेक्शन आणायचं त्यांनाच सांगितलं.

ते येईपर्यंतचा वेळ लिहिणं अवघड आहे. मी श्वास घेत होते. छाती नीट वरखाली होत होती. मास्कमधून शुद्ध प्राणवायू आत जात होता आणि मला कळत होतं की तो पोचत नाहीये. श्वास पोटभर आणि अंग उपाशी. भिंतीवर पाल होती, तिच्याकडं बघत राहिले. सिस्टर दर थोड्या वेळानं काहीतरी विचारायच्या, म्हणजे मी जागी राहीन. “निमोण्याला बैल आहेत का तुमच्याकडं? नावं काय त्यांची?” मी नावं सांगायचे. त्या पुन्हा तेच विचारायच्या. मी पुन्हा सांगायचे. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा त्यांनी माझा हात जोरात दाबला. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

मामा आले ते बर्फाचा डबा छातीशी धरून. डब्यात बर्फ, बर्फात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत इंजेक्शन.

“मॅडम, नासू दिलं न्हाई. सगळ्या वाटंनं बर्फात आणलं.”

“अहो मामा, याला बर्फ लागत नाही.”

“आमच्या धंद्यात सगळ्यालाच लागतो,” मामा म्हणाले. त्या दिवशी दवाखान्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मॅडमनी आईला एकच गोष्ट विचारून घेतली: घराण्यात कुणाला एखाद्या गोळीनं कावीळ झाली होती का, लघवी काळी झाली होती का? हे औषध काही घराण्यांना चालत नाही म्हणे. आई नाही म्हणाली. मॅडमनी इंजेक्शन फोडलं. निळंशार होतं.

“आधीच निळी पडलीया,” आई म्हणाली, “आन् वरनं निळंच घालताय?”

“हे निळं कामाला लावणारं आहे, आई. बघत राहा.”

आम्ही बघत राहिलो. तासाभरात माझ्या ओठांचा रंग परत आला. मला दिसत नव्हता, आईच्या चेहऱ्यावर दिसत होता. घण थांबले. मॅडमनी पुन्हा थेंब काढला, पट्टीवर टाकला, हवेत हलवला. थेंब लाल झाला. मामांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात टाळ्या! सिस्टरनी डोळे वटारले आणि मग स्वतःच तोंडाला हात लावून हसल्या.

मामांना प्रश्न पडला होता. “मॅडम, रक्त तर अंगात हुतंच. मग झालं काय?”

“तुमचा टेम्पो काय करतो, मामा? भरलेले कॅन नेतो, रिकामे आणतो. रक्त तेच करतं. फुफ्फुसातून प्राणवायू भरून घेतं, अंगभर उतरवतं, आणि येताना अंगातली खराब हवा, कार्बन डायऑक्साइड, परत आणतं. त्या तेलानं हिचे कॅन बाद केले. फिरतात, पण भरत नाहीत. आणि जे थोडे चांगले राहिले त्यांची झाकणं इतकी घट्ट बसली की दूध डेअरीत पोचलं तरी बाहेर पडेना. या निळ्या औषधानं कॅन पुन्हा नीट केले.”

“आन् परतीचा माल?”

“खरी फसवणूक तिथं आहे. परतीची हवा बहुतेक रक्ताच्या पाण्यात विरघळून येते, तिला कॅन लागत नाहीत. ती हिची नीट बाहेर पडत होती. आणि आपल्याला दम लागतो तो मुख्यतः ती साठली की. ती साठली नाही, म्हणून हिला दम लागला नाही. साहेबांनी विचारलं म्हणे, ही ‘नाही’ म्हणाली. आत माणूस उपाशी मरत होता आणि घंटा वाजतच नव्हती.”

ही ओळ मी मनात ठेवून घेतली. माझं पुढचं पत्रक त्याच क्षणी सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हिरवी-निळी लघवी झाली. आई किंचाळली. सिस्टर बाहेरूनच म्हणाल्या, “औषध आहे ते! अजून थोडे दिवस पोपट, मग पुन्हा माणूस!”

उपास

घरी आल्यावर साहेब सफरचंदं घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

“हे बघ रोहिणी, वरती विचारणार आहेत. तू फक्त एवढंच म्हण, त्या दिवशी उपास होता, अशक्तपणा होता. पुन्हा कामावर घेतो. पॅकिंगला घेतो, जा, तेलाजवळ नको.”

मी तोंड उघडायच्या आत आई चुलीपुढून उठली. हीच आई, जी मला ‘कुणाला सांगू नगंस’ म्हणाली होती. मध्ये एकच गोष्ट झाली होती. मॅडमनी तिला विचारलं होतं की रोहिणीचे कामाचे कपडे कोण धुतं, कुठं धुतं. आईच धुते, घरच्या बादलीत, आमच्या साड्यांबरोबर. आणि कपडे धुतले की तिचं डोकं दुखतं. ती समजत होती वयानं दुखतं.

“व्हय, उपास हुता,” आई म्हणाली. “तिच्या रक्ताला उपास घातलाता तुम्ही. आन् माझ्यापण. ती सफरचंदं उचला.”

साहेबांनी सफरचंदं उचलली. माझी आई सहीपुरतं शिकलेली आहे. आमच्या सगळ्या लढ्यात तिच्या या वाक्याच्या तोडीचं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

बस फिरवली

पत्रक मी एका पानाचं केलं. ‘ओठ निळे म्हणजे प्राणवायू पोचत नाही. गूळ खाऊन तो पोचत नाही. दूध पिऊन पोचत नाही. दम लागत नाही म्हणून फसू नका. कपडे काढा, साबणानं धुवा, दवाखाना गाठा.’ गेटवर वाटायला उभी राहिले.

वाटलं होतं, लोक खांद्यावर घेतील. कसलं काय! शिवराम नावाच्या ऑपरेटरनं पत्रकाची पुडी केली आणि त्यात शेंगदाणे ओतले.

“ताई, जांभूळ न्हाई तर दूध न्हाई. आमच्या दुधावर कशाला उठलाय?”

“दादा, दूध मी बंद करत नाही.”

“मग कोण करतंय? कंपनी म्हणंल, जांभूळच पिकत न्हाई तर दूध कशाला? तुमचं बरं झालं, तुम्ही निघाला फुडारी व्हायला.”

मला संताप आला, पण त्याचं खोटं नव्हतं. कंपनीनं विषाला दूध जोडून ठेवलं होतं, म्हणून माणसं विषाची राखण करत होती. मी मागण्यांत पहिली ओळ बदलली: ‘दूध सगळ्यांना, रोज, जांभळाशिवाय.’ त्या दिवसापासून पत्रकाच्या पुड्या झाल्या नाहीत.

आणि मग प्रियांकाचं पहिलं जांभूळ पिकलं. नवीन मुलगी, फिलिंगला नुकतीच लागलेली. मी तेव्हा रजेवर, गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभी होते. पहिली शिफ्ट सुटली, लोक कंपनीच्या बसमध्ये चढले, आणि आत नेहमीचा गोंगाट सुरू झाला: “भेळ! भेळ!” रशीदभाई बसच्या दारात उभे राहिले. मला हात करून वर घेतलं. मग मागं वळले.

“भेळ न्हाई. आज कुणी भेळ मागायची न्हाई. एकमेकाची तोंडं बघा.”

लोकांनी खरंच बघितलं. प्रियांकाचे ओठ. शिवरामचे ओठ. रशीदभाईंनी स्वतःचा खालचा ओठ बोटानं बाहेर काढून दाखवला.

“ड्रायव्हर, गाडी दवाखान्यावर घे.”

ड्रायव्हर बिहारचा. “चाचा, रूट के बाहर नहीं जाएगी गाड़ी।”

“दौंड रूट में है के नहीं?”

“है।”

“दवाखाना दौंड में है के नहीं?”

ड्रायव्हरनं आरशात मागं बघितलं. सगळ्या बसचे ओठ त्याला आरशात दिसले असतील. त्यानं गिअर टाकला.

डॉक्टर मॅडम व्हरांड्यात आल्या तेव्हा अंगणात अख्खी शिफ्ट उभी होती, बाया एका बाजूला नळाखाली अंग धूत होत्या, गडी दुसऱ्या बाजूला बनियनवर. मॅडमनी काही विचारलं नाही. पांढऱ्या कापडाची लांब पट्टी मागवली. एकेकाचा थेंब ओळीनं टाकला. तुलनेला म्हणून ड्रायव्हरचा थेंब सगळ्यांत आधी. पट्टी हवेत हलवली.

ड्रायव्हरचा थेंब लाल झाला. काही थेंब लाल झाले, काही मळकट झाले. प्रियांका, शिवराम आणि रशीदभाई या तिघांचे काकवीच्या वाटेवर होते.

“मेरा लाल है!” ड्रायव्हर ओरडला.

“तू तेल भरतोस व्हय रं?” शिवराम म्हणाला. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक होतं. शेंगदाण्याच्या तेलाचे डाग पडलेलं. “यात काय लिवलंय ते आता मोठ्यानं वाच, ताई.”

मी वाचलं. साहेब कंपनीच्या गाडीतून उतरले तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होते. त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पट्टी वर धरली. “सगळ्या शिफ्टला एकाच दिवशी रक्त कमी होतं का हो, साहेब?”

साहेब परत गाडीत जाऊन बसले. उत्तर कंपनीला द्यावं लागलं. लगेच नाही, गोडीनं नाही, मॅडमचा लेखी अहवाल आणि अख्ख्या शिफ्टच्या सह्या कारखाना निरीक्षकांकडं गेल्यावर. पण दिलं. आता ड्रम बंद पाइपानं भरतात. कामाचे कपडे कंपनीत धुतात, घरी न्यायचे नाहीत. तेल सांडलं की काम तिथंच थांबतं आणि न्हाणीघरात गरम पाणी असतं. निळं इंजेक्शन कंपनीच्या मेडिकल खोलीत आहे, दौंडच्या दवाखान्यातही आहे. दूध रोज येतं, पॅकिंगलासुद्धा. काकवीच्या वाटेवरचे ते तिघंही प्राणवायू आणि औषधानं बरे झाले. मी कामावर परत गेले, फिलिंगलाच. रशीदभाई मला चिडवतात, “बेटा, तुझ्यामुळं भेळ गेली.” आईचं डोकं दुखायचं थांबलं. मला एक स्थळही येऊन गेलं. मुलगा म्हणाला, “ती बसवाली तूच का?” मी अजून हो म्हटलेलं नाही, पण प्रश्न आवडला.

कडुनिंब तिथंच आहे. त्याच्याखाली आता फक्त चहा पितात.

तुम्ही हे वाचताय. तुमच्या घरातलं कुणीतरी कुरकुंभला जात असेल, किंवा अशाच कुठल्या शेडमध्ये रंग, औषध, तेल भरत असेल. आज शिफ्ट सुटली की त्याला दारातच थांबवा आणि उजेडात त्याचे ओठ बघा, नखं बघा. निळी असतील तर ‘दम लागतोय का’ विचारत बसू नका, गूळ देऊ नका. कपडे काढायला लावा, साबणानं धुवा, काय सांडलं त्याचं नाव त्याच्याकडून वदवून घ्या आणि दवाखान्यात नेऊन ते नाव डॉक्टरांना सांगा. गाडी रूटबाहेर जात नसेल, तर गाडी फिरवा.